गल्लीत, वॉर्डात आणि गावात परवडणारे इंटरनेट: बेळगाव सीमाभागासाठी कामाचा क्रम

बेळगाव शहरात आणि भोवतालच्या गावांत सार्वजनिक वायफायचे फलक लागतात, उद्घाटन होते, आणि पहिला पावसाळा सरेपर्यंत खांबावरची पेटी बंद पडलेली असते. पैसा कमी पडला म्हणून काम थांबले, असे थोड्या ठिकाणी होते. बहुतेक ठिकाणी क्रमच चुकलेला असतो. आधी पेटी विकत घेतली, मग लाइन शोधली, मग परवानगी आठवली, आणि दरमहाचे बिल कोण भरणार हे कोणी विचारलेच नाही.

नगरसेवक, ग्रामपंचायत सदस्य, गल्लीचे पंच, युवक मंडळे, महिला मंडळे आणि वाचनालये यांच्यासाठी हे लिहिले आहे. गृहलक्ष्मी योजनेचा अर्ज, रेशनकार्डाचे ई-केवायसी, शेतीचा उतारा, मुलांचे निकाल हे सगळे ऑनलाइन झाले आहे. घरी नेट नसलेल्या माणसाला प्रत्येक कामासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. त्याचा तो हेलपाटा वाचवायचा असेल तर पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: गरज मोजा, अंदाज करू नका

‘आमच्याकडे नेट नाही’ या तक्रारीत तीन वेगवेगळ्या अडचणी असतात. काही ठिकाणी लाइनच पोहोचलेली नाही. काही ठिकाणी लाइन दारात आहे, पण महिन्याचे भाडे झेपत नाही. काही घरांत मोबाइलचा डेटा आहे, पण तो दुपारीच संपतो किंवा जाड भिंतींच्या आत सिग्नल येत नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी घरोघर जा.

प्रत्येक घरी एवढेच विचारा: घरात स्मार्टफोन किती, त्यांतला एक तरी बाईच्या किंवा मुलीच्या हातात दिवसभर असतो का, महिन्याला रिचार्जवर किती जातात, दारावरून केबल किंवा फायबर गेली आहे का, आणि नेटअभावी मागच्या महिन्यात कोणते काम अडले. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. वडगाव-खासबागमधल्या विणकराचे उत्तर आणि येळ्ळूरमधल्या शेतमजुराचे उत्तर एकच येणार नाही.

त्याच फेरीत सिग्नल तपासा. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, घराच्या आत आणि बाहेर, निदान दोन कंपन्यांच्या सिमवर वेग मोजा. रात्रीचा आकडा खरा समजा, कारण तेव्हा सगळे एकदम वापरतात. सरकारी व्याख्येप्रमाणे सेकंदाला किमान २ मेगाबिट वेग मिळाला तरच ते ब्रॉडबँड. आकडे गल्लीच्या कच्च्या नकाशावर पेन्सिलने लिहून ठेवा.

सावधान: सर्वेक्षण फक्त मंडळाच्या पोरांनी केले तर घरातल्या बायका मोकळेपणाने बोलत नाहीत. स्त्रीशक्ती संघातल्या (बचत गटातल्या) किंवा महिला मंडळातल्या दोघींना सोबत घ्या.

तपासणी: नकाशावर ‘लाइन नाही’, ‘परवडत नाही’ आणि ‘सिग्नल नाही’ अशा तीन खुणा वेगळ्या दिसतात का? दिसत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: हद्द कोणाची ते कागदावर आणा

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून हा टप्पा सविस्तर लिहितो.

बेळगावात अर्ध्या तासाच्या पायी फेरीत तुम्ही तीन-चार मालकांच्या जमिनीवरून जाता. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ महापालिकेत. कॅम्प छावणी परिषदेकडे, आणि तिथले नियम संरक्षण खात्याचे. हिंडलगा, कंग्राळी, बेनकनहळ्ळी शहराला चिकटलेली असली तरी कारभार ग्रामपंचायतीचा. रेल्वेमार्ग ओलांडायचा तर रेल्वेची परवानगी, राज्य महामार्गालगत सार्वजनिक बांधकाम खाते, राष्ट्रीय महामार्गाला त्यांचे प्राधिकरण. विजेचे खांब हेस्कॉम या वीज कंपनीचे. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला गेलात की वनखाते येते, आणि भीमगड अभयारण्याच्या आसपास खणायचा विचार त्यांच्या लेखी परवानगीशिवाय करूच नका.

म्हणून लाइन जिथून येणार आणि जिथे पोहोचणार ते दोन बिंदू नकाशावर जोडा, आणि मधल्या प्रत्येक तुकड्यावर मालकाचे नाव लिहा. एकाच मालकाच्या हद्दीतून जाणारा लांबचा रस्ता पुष्कळदा तीन मालकांच्या हद्दीतून जाणाऱ्या जवळच्या रस्त्यापेक्षा लवकर पूर्ण होतो.

केबल टाकण्याच्या परवानगीसाठी केंद्राचे दूरसंचार मार्गाधिकार नियम, २०२४ आहेत. ते १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि निर्णयाला मुदत बांधलेली असते. हा अर्ज परवानाधारक दूरसंचार कंपनीने करायचा असतो, मंडळाने किंवा पंचांनी नाही. तुमचे काम दबाव ठेवण्याचे आणि अर्ज कुठे अडला ते शोधण्याचे. त्यासाठी माहिती अधिकार वापरा. मात्र कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, हे विसरू नका. लांबलचक अर्ज त्याच कारणाने परत येतात.

भाषेबद्दलही स्पष्ट सांगतो. मराठीतून कागद मागण्याचा आग्रह सोडा, असे मी म्हणणार नाही. पण या कामात फाइल हलली पाहिजे. मूळ अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा आणि पोच दोन्हींवर घ्या. वायफायचा फलक लावतानाही वरचा ६० टक्के भाग कन्नड ठेवा आणि खाली ठसठशीत मराठी लिहा. नाहीतर फलक उतरवण्यावरून वाद होतो आणि त्या गडबडीत यंत्रही उतरते.

नेहमीची चूक: हेस्कॉमच्या खांबांवरून गुपचूप केबल ओढणे. लाइनमनची ओळख म्हणजे परवानगी नव्हे. खांब बदलताना किंवा तारा साफ करताना ती केबल कापली जाते, आणि तक्रार करायला तुमच्याकडे कागद नसतो.

## टप्पा ३: मागची लाइन आधी पक्की करा

वायफायची पेटी हा शेवटचा नळ आहे. टाकीत पाणी नसेल तर नळ कितीही चांगला बसवून उपयोग नाही. पेटीचे दरपत्रक मागवण्याआधी मागची लाइन कोण देणार ते ठरवा.

शहरात पहिला पर्याय म्हणजे फायबर देणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्या वतीने काम करणारे स्थानिक केबलवाले. गल्लीत दोघे असतील तर दोघांकडून लेखी दर घ्या. गावांत केंद्राच्या भारतनेट योजनेचे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेले असू शकते. पण पंचायतीच्या कपाटात डबा बसवलेला असणे आणि त्यातून आज नेट चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः जा, दिवे पेटलेले आहेत का पाहा, आणि लॅपटॉप जोडून वेग मोजा. तिसरा पर्याय बिनतारी दुव्याचा. ५ गिगाहर्ट्झच्या ठरलेल्या पट्ट्यांत, ठरलेल्या शक्तीच्या आत, बाहेर उघड्यावर यंत्र लावायला ऑक्टोबर २०१८ पासून वेगळा परवाना लागत नाही. उचगाव किंवा सुळग्यासारख्या मोकळ्या माळावर हा दुवा छान चालतो. जांबोटीच्या पट्ट्यात मात्र दोन टोकांमध्ये झाडी असेल तर त्याच्या नादी लागू नका. मे महिन्यात चाललेला दुवा आषाढात ओल्या पानांमुळे बसतो. चाचणी पावसातच घ्या.

सीमाभागाची एक खास अडचण आहे. निपाणीतल्या माणसाला कोल्हापूरच्या बाजूचा केबलवाला जवळचा आणि ओळखीचा वाटतो. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांना चंदगड तालुका हाकेवर आहे. पण इंटरनेट सेवेचा परवाना ठरावीक क्षेत्रापुरता असू शकतो. महाराष्ट्रापुरता परवाना असलेल्या कंपनीने कर्नाटकात घराला जोडणी देणे नियमात बसत नाही. म्हणून पहिला प्रश्न दराचा विचारू नका. परवाना कोणत्या क्षेत्राचा आहे ते विचारा, आणि प्रत मागा. देशभराचा परवाना असेल तर सीमेची अडचण राहत नाही, मार्गाची परवानगी तेवढी कर्नाटकातल्या खात्यांकडून घ्यावी लागते. मोबाइलचेही ध्यानात ठेवा: सीमेवरच्या गावांत फोन पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून टप्पा १ मधल्या नोंदीत सिम कोणत्या राज्याचे ते लिहा.

लाइन आल्यावर तंत्रज्ञाला घराच्या बॉक्सपर्यंत फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा आकडा (डीबीएममध्ये) दाखवायला सांगा. तो उणे २५ किंवा त्याहून बरा हवा. उणे १८, उणे २० चांगले. उणे २७ च्या पलीकडे गेला तर लाइन आज चालली तरी उद्या तुटेल. जोड पुन्हा करून घ्या, आणि तो होईपर्यंत पैसे देऊ नका.

तपासणी: रात्री नऊ वाजता, सलग तीन दिवस, कबूल केलेल्या वेगाच्या निदान निम्मा वेग मिळतो का?

## टप्पा ४: महिन्याचा हिशेब, पेटी घेण्याआधी

यंत्राचा खर्च एकदाच येतो. योजना बंद पडते ती बिलामुळे. हा हिशेब कागदावर न मांडता ज्यांनी काम सुरू केले त्यांची पेटी वर्षभर टिकलेली मी तरी पाहिलेली नाही.

कायदेशीर चौकट पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेची वापरा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. किराणा दुकान, वाचनालय, मंडळ, कोणीही आपल्या जागेत वायफाय केंद्र चालवून नेट विकू शकते. त्यासाठी परवाना नाही, नोंदणी शुल्क नाही. ग्राहकाची ओळख, व्हाउचर आणि हिशेब सांभाळणारी अ‍ॅग्रिगेटर कंपनी मात्र दूरसंचार विभागाकडे नोंदलेली असते, आणि तुम्ही तिच्याशी जोडून घेता. या केंद्राला सरकारी कागदांत पीडीओ म्हणतात. आपल्याकडे पंचायतीत पीडीओ म्हणजे विकास अधिकारी, त्यामुळे अर्जात ‘पीएम-वाणी केंद्र’ असे पूर्ण लिहा.

लाइनच्या दराबाबत एक नियम पाठ करून ठेवा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या जून २०२५ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी २०० मेगाबिटपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीएम-वाणी केंद्रांना द्यायचे आहेत, आणि त्याचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये. विक्रेता महागडी लीज्ड लाइनच (एकाच ग्राहकासाठी राखलेली) घ्यावी लागेल असे म्हणाला, तर या आदेशाचा लेखी उल्लेख करा.

आता एका गल्लीचा हिशेब. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे आकडे घाला. घरगुती प्लॅन ६०० रुपयांचा असेल तर केंद्राला जास्तीत जास्त १,२०० रुपये. बॉक्स आणि वायफायची पेटी मिळून २५ वॉट वीज घेत असतील तर महिन्याला १८ युनिट, म्हणजे धरा १५० रुपये. देखभाल करणाऱ्याला ६०० रुपये, दुरुस्तीसाठी बाजूला ३०० रुपये. एकूण २,२५०. महिन्याचे व्हाउचर ६० रुपयांना ठेवले आणि अ‍ॅग्रिगेटरचा वाटा पाचवा हिस्सा असेल तर हातात ४८ रुपये येतात. म्हणजे ४७ माणसांनी दरमहा व्हाउचर घेतले तर तोंडमिळवणी होते. टप्पा १ मध्ये ‘परवडत नाही’ म्हणणारी घरे पंधराच असतील, तर केंद्र एकट्या गल्लीला झेपणार नाही. शेजारच्या गल्लीला सोबत घ्या, किंवा उरलेली रक्कम दरमहा कोण देणार ते ठरावात लिहून घ्या.

वेगाचाही हिशेब याच बैठकीत करा. ४७ ग्राहकांपैकी रात्री एका वेळी वीस जण जोडलेले असतील आणि प्रत्येकाला २ ते ३ मेगाबिट हवे असतील तर ६० मेगाबिट लागतात. १०० ची लाइन पुरते. सगळे एकदम क्रिकेट बघायला बसले तर पुरणार नाही, म्हणून प्रत्येक जोडणीला वेगाची मर्यादा घाला.

पूर्ण मोफत ठेवावे का? माझे मत: नको. अर्ध्या तासाचा रोजचा मोफत वापर ठेवा, म्हणजे अर्ज आणि निकाल होतात. पुढे पाच-दहा रुपयांचे दिवसाचे व्हाउचर. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एक वर्ष मोफत चालवता येते, पण दुसऱ्या वर्षी वर्गणी कमी पडली की पहिला बळी नेटचा जातो. गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी महिन्याची ठरावीक व्हाउचरे सोसायटीने किंवा दात्याने विकत घेऊन वाचनालयामार्फत वाटणे, हा मार्ग जास्त टिकतो.

सावधान: घरगुती जोडणीचा पासवर्ड भिंतीवर लिहून गल्लीला नेट वाटू नका. कंपनीच्या अटी मोडतात, आणि कोणी त्यावरून गैरकृत्य केले तर पोलीस जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. वाणीच्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाची मोबाइल क्रमांकावर ओळख पटलेली असते.

## टप्पा ५: जागा, वीज आणि अर्थिंग

जागा निवडताना सिग्नल कुठे लांब जाईल याआधी तिथे कोण बसू शकेल ते पाहा. तालमीच्या किंवा चौकातल्या कट्ट्यावर पेटी लावली तर मुली तिथे थांबत नाहीत, आणि नेट असूनही अर्ध्या गावाला ते नसल्यासारखेच राहते. वाचनालय, शाळेचा व्हरांडा, अंगणवाडीची भिंत, देवळाचा सभामंडप, पंचायतीचे अरिवू केंद्र (ग्रंथालय) या जागा चांगल्या. जागामालकाचे लेखी संमतिपत्र घ्या. पंच कमिटी बदलली की तोंडी शब्द उरत नाही.

पेटी साधारण साडेतीन ते चार मीटर उंचीवर, पत्र्याच्या छपरापासून दूर ठेवा. पत्रा सिग्नल अडवतो. भोवती घरोघर राऊटर असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनेल मोकळा असेल तोच लावा.

विजेसाठी चार तासांचा बॅकअप धरा. २५ वॉटला चार तास म्हणजे १०० वॉट-तास. बाजारातला राऊटरचा छोटा यूपीएस घरातल्या बॉक्सपुरता असतो, बाहेरच्या पेटीला पुरत नाही. १२ व्होल्ट, १८ ते २० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या.

आपल्याकडे यंत्रे जळतात ती वळवाच्या पावसात, एप्रिल-मेच्या विजांत. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल ओढू नका, फायबर ओढा. खांबाला स्वतंत्र अर्थिंग करा. पश्चिमेकडच्या जांभ्या खडकात अर्थिंग नीट लागत नाही, तिथे खड्डा खोल घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

तपासणी: मेन स्विच बंद करून रात्री चार तास नेट चालते का ते एकदा पाहा.

## टप्पा ६: एका जागी तीन महिने

आमदार किंवा खासदार निधी मिळाला की दहा ठिकाणी एकदम पेट्या लावायचा मोह होतो. तो आवरा. एकच केंद्र तीन महिने चालवा, त्यातला एक महिना पावसाळ्याचा असू द्या. वहीत रोज एवढेच लिहा: किती जण जोडले, नेट किती वेळ बंद होते, कशामुळे.

देखभालीला गल्लीतलीच व्यक्ती नेमा आणि मानधन द्या, फुकटची सेवा दोन महिन्यांत थकते. तिच्याकडे कंपनीचा तक्रार क्रमांक, पेटीची किल्ली आणि फोनवरून वेग मोजायची सवय असली की पुरे. ग्राहकांच्या आधारच्या झेरॉक्स तिने गोळा करायच्या नाहीत. त्यांची गरजच नाही, आणि त्या हरवल्या तर नुकसान गरिबाचे.

आठवड्यातून एक संध्याकाळ मदतीसाठी ठेवा. कॉलेजातली दोन मुले बसली तर वयस्क मंडळी व्हाउचर कसे घ्यायचे, ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे शिकतात. आमच्या भागात वापर वाढतो तो अशा संध्याकाळींमुळे. जाहिरातीने तेवढा वाढत नाही.

## टप्पा ७: महापालिकेने काय करायचे

महापालिकेने स्वतः नेट कंपनी होऊ नये. तिच्या हातात रस्ते, खांब आणि इमारती आहेत, त्या योग्य वापरल्या तरी खासगी जोडणीचा खर्च उतरतो. वॉर्डाच्या बैठकीत नगरसेवकांनी पुढच्या मागण्या नेमक्या शब्दांत मांडाव्यात.

पहिली: पाण्याच्या वाहिन्या, ड्रेनेज किंवा गॅससाठी रस्ता खणला जाईल तेव्हा त्याच चरात रिकामी प्लास्टिकची नळी टाकून ठेवायची. नंतर फायबर टाकायला पुन्हा खणावे लागत नाही, आणि खणणे हाच फायबरच्या खर्चाचा मोठा वाटा असतो. ही नळी महापालिकेच्या मालकीची राहावी आणि सर्व कंपन्यांना सारख्या भाड्याने मिळावी. एकाच कंपनीला दिली तर दर कमी होण्याऐवजी वाढतात.

दुसरी: खणण्याआधी ठेकेदाराने ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपवर नोंद केल्याशिवाय कामाचा आदेश देऊ नये. केंद्राने ते २०२३ मध्ये सुरू केले आहे. जेसीबीने फायबर तोडली की अख्ख्या वॉर्डाचे नेट जाते, आणि भरपाई कोणी द्यायची यावर आठवडे जातात.

तिसरी: पथदिव्यांच्या खांबांवर यंत्र लावायला जागा देताना, ज्या गल्ल्या नकाशावर ‘लाइन नाही’ म्हणून दिसतात तिथे आधी सेवा देण्याची अट घालावी. निविदा कर्नाटकाच्या सार्वजनिक खरेदी पोर्टलवरच निघावी, आणि तिच्यात बंद पडलेल्या तासांमागे दंड व पाच वर्षांची देखभाल लिहिलेली असावी. फक्त यंत्रे पुरवण्याची निविदा असेल तर नगरसेवकांनी सभागृहात हरकत नोंदवावी.

ही हरकत तोंडी नको. टप्पा १ चा नकाशा, टप्पा ४ चा हिशेब आणि टप्पा ६ ची वही जोडून लेखी द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.